अठरा उत्तर, वीस दक्षिण

श्रीवर्धनच्या पेठेतून निघालेली गाडी म्हसळा, माणगाव, पेण, पनवेल करत मुंबईच्या विमानतळावर पोचायला पाच-सहा तास घेते. महामार्गावर कुठे अडकली तर जास्तच. आणि मुंबईहून उडालेलं थेट विमान मॉरिशसला उतरायला सव्वासहा तासांच्या आसपास घेतं. घरच्या अंगणापासून विमानतळापर्यंतचा रस्ता आणि विमानतळापासून हिंदी महासागरातल्या बेटापर्यंतचं आकाश, दोन्ही जवळजवळ सारख्याच वेळाचे. श्रीवर्धनकरांनी परदेशच्या सहलीचा विचार करताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, कारण मुंबई-पुण्याच्या माणसासाठी छापलेली वेळापत्रकं इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

मॉरिशसचंच नाव का? या पट्ट्यात सहलीच्या गप्पा निघाल्या की चार नावं हमखास येतात: अंदमान, मालदीव, बाली आणि मॉरिशस. अंदमानला पासपोर्ट लागत नाही, सेल्युलर जेल पाहताना ज्येष्ठांचे डोळे भरून येतात, आणि ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनी आधी तेच पाहावं. मालदीव नवविवाहितांचं आहे. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा आणि मुलं एवढा गोतावळा एका छोट्या बेटावर कोंडून घालण्यात अर्थ नाही. बाली सुंदर आहे, पण लांब पडतं. तीन पिढ्यांचं घर एकत्र न्यायचं तर माझं मत मॉरिशसच्या बाजूने आहे. तिथे समुद्र आहे, डोंगर आहे, उसाची शेतं आहेत, रस्त्याला डावीकडून गाडी चालते, आणि आपल्या कोकणातून गेलेल्या माणसांची पाचवी-सहावी पिढी तिथे नांदते आहे.

पण समुद्राकाठच्या माणसाने पैसे खर्चून पुन्हा समुद्रच बघायला जायचं कशाला, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांकडून येतोच, आणि तो रास्त आहे. श्रीवर्धनला स्वतःचा लांबलचक किनारा आहे. दिवेआगर शेजारी, हरिहरेश्वर पाऊण तासावर. नारळ-पोफळीच्या वाड्या दारात. रिसॉर्टच्या जाहिरातीतलं माडाचं झाड इथल्या मुलांना काय दाखवायचं? म्हणून माझं सांगणं असं की, आपल्या किनाऱ्यावर जे आहे त्यावर तिथे एक रुपया खर्चू नये. जे आपल्याकडे नाही त्यावर सगळी आखणी बेतावी. आपल्याकडे नाहीत अशा तिथल्या दोन गोष्टी मोठ्या आहेत. एक म्हणजे प्रवाळाची भिंत आणि तिच्या आतलं शांत, उथळ पाणी. दुसरी म्हणजे परक्या मुलखात टिकलेलं मराठी जगणं.

आधी वेळेचं बघू, कारण श्रीवर्धनच्या घराची खरी अडचण तिथेच आहे.

शाळेला सुट्टी दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात. नेमकी तीच दोन टोकं इथल्या घरगुती निवासांच्या कमाईची. ज्यांच्या घरात पर्यटकांच्या दोन-चार खोल्या आहेत, ज्यांची खाणावळ आहे, ज्यांची किनाऱ्यावर टपरी किंवा घोडागाडी आहे, त्यांनी मे महिन्यात घर सोडणं म्हणजे वर्षाच्या मिळकतीवर पाणी सोडणं. नाताळ ते नववर्षही तसंच. भाद्रपदात कोकणी माणूस घर सोडत नाही, त्यावर चर्चाच नको. थंडीत सुपारी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पोफळीवर माणूस चढतो, घड उतरतात, अंगणात महिना-दीड महिना सुपारी वाळत पडते, दिवसा पसरायची, सोलायला बायका ओटीवर बसतात. श्रीवर्धनी रोठ्याचा दाणा मोठा आणि आतून पांढरा, त्यामुळे त्याला मान आहे. तो सोलून, निवडून, विकून हातात पैसा यायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. हे सगळं मागे टाकून जाणार कोण?

या साऱ्या गुंत्यात एक फट उरते आणि ती फार चांगली आहे: जूनचा पहिला आठवडा. पर्यटक पावसाच्या चाहुलीने परतलेले असतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे जीवनाबंदरच्या कोळी घरांनाही हाच काळ मोकळा. पोफळीवर कोळेरोगाची पहिली बोर्डो फवारणी पाऊस लागायच्या आत उरकायची असते. ती मेअखेर झाली की वाडीकडे आठ-दहा दिवस शेजारी किंवा भाऊबंद बघू शकतात. पंचांगात वटपौर्णिमा तेवढी बघून घ्यावी.

आणि मॉरिशसला तेव्हा काय असतं? इथे भूगोल आपल्या बाजूने उभा राहतो. श्रीवर्धन विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे 18 अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला सुमारे 20 अंशांवर. उन्हातान्हाचा हिशेब जवळजवळ तोच, फक्त ऋतू उलटे. आपल्याकडे मृगाची वाट बघत अंग घामाने निथळत असतं तेव्हा तिथे हिवाळा लागलेला असतो. किनाऱ्यावर दिवसा पंचवीस अंशांच्या आसपास तापमान, पाऊस कमी, आणि पर्यटकांची गर्दी ओसरल्याने राहण्याचे दर उतरलेले. तिथला वादळांचा मोसम नोव्हेंबर ते मध्य-मे असा धरतात, म्हणजे तोही संपलेला. उलट जे लोक डिसेंबर-जानेवारीत जातात ते जास्त पैसे देऊन वादळाच्या दिवसांत जातात. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून नेल्या होत्या.

वादळाचं श्रीवर्धनला कुणी समजावून सांगायला नको. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. दुपारच्या काही तासांत पिढ्यांनी वाढवलेल्या पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळांसकट आडवे झाले, घरांची कौलं आणि पत्रे उडाले. पोफळीचं रोप लावल्यापासून हाती फळ यायला पाच ते आठ वर्षं जातात. म्हणजे वादळानंतर ज्यांनी लगेच नव्याने लागवड केली, त्यांच्या वाडीत आता कुठे घड दिसू लागलेत. त्या वर्षांत सहलीचा विषय घरात निघत नव्हता. आज तो निघतोय याचा मला मनापासून आनंद आहे. तो चैनीचा विषय आहे असं कुणी म्हणू नये. ज्या घराने एवढं सोसलं त्याने एकदा सगळ्यांनी मिळून जग बघून यावं.

त्याच वर्षी मॉरिशसच्या किनाऱ्यावरही संकट आलं होतं. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं मालवाहू जहाज आग्नेयेच्या प्रवाळावर चढलं, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्यातलं सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. तिथल्या लोकांनी सरकारची वाट न बघता उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यावर सोडल्या. मुलांना ब्लू बेच्या समुद्री उद्यानात काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दाखवाल तेव्हा ही गोष्टही सांगा. किनारा सांभाळणारी माणसं सगळीकडे सारखीच असतात, हे श्रीवर्धनच्या मुलाला चटकन कळेल.

आता राहायचं कुठे. जूनमध्ये तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. जाहिरातीत सगळ्यात देखणा दिसणारा पूर्व किनारा तेव्हा वाऱ्यावर असतो. आजोबांना व्हरांड्यात बसवणार नाही असा वारा. म्हणून मुक्काम पश्चिमेला करावा, फ्लिक-अँ-फ्लाक, तामारिन या बाजूला. डोंगर वारा अडवतात, पाणी संथ असतं, सूर्यास्त समुद्रात होतो. दिवस लहान असतो, संध्याकाळी पावणेसहालाच अंधारतं, तेव्हा बाहेरची कामं सकाळी उरकावीत. मधल्या पठारावर क्युरपिपसारख्या गावात संध्याकाळी बऱ्यापैकी गारवा असतो, आजीचा स्वेटर घ्यायला विसरू नये.

प्रवाळाची भिंत जवळजवळ सगळ्या बेटाला वेढा घालून आहे. लाट बाहेरच फुटते, आत कमरेएवढं निळं पाणी. आपल्या समुद्रात पोरांना गुडघ्याच्या पुढे जाऊ न देणाऱ्या आयांना तिथे जरा मोकळा श्वास घेता येतो. तरी पायात रबरी बूट हवेतच, कारण प्रवाळाच्या तळाशी दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा असतो आणि त्याचा काटा फार वाईट. दक्षिणेला ग्री-ग्री नावाच्या ठिकाणी प्रवाळाची भिंत तुटलेली आहे आणि खवळलेल्या लाटा काळ्या कातळावर येऊन आदळतात. तिथे उभं राहिलं की हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तिथे पाण्यात उतरायचं नाही, बघायचं.

मोठ्या हॉटेलांपेक्षा स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घ्यावं असं मी सुचवेन. तीन पिढ्यांच्या घरात कुणाचा सोमवार असतो, कुणाचा शनिवार, कुणाची संकष्टी. सकाळी चहा हवा, तो आपल्या हातचा. तांदूळ, डाळ, मसाले तिथल्या दुकानांत सर्रास मिळतात. बाहेर खायचं तर ढोल पुरी खावी: हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, पातळ पोळीत भरलेली, सोबत घेवड्याची रस्सेदार भाजी आणि चटणी. गूळ न घातलेली पुरणपोळीच ती. शेवग्याच्या पाल्याचं सार तिथे रोजच्या जेवणात असतं. मासे खाणाऱ्यांनी मोहरी-हळदीतला माशाचा विंदाय चाखावा. मॉरिशसचा रुपया आपल्या पावणेदोन ते दोन रुपयांच्या दरम्यान असतो, तेव्हा पाटीवरचा आकडा वाचताना मनात जवळजवळ दुप्पट करायची सवय लावावी.

श्रीवर्धनच्या बागायतदाराने पॅम्प्लमूसच्या वनस्पती उद्यानाला अर्धा दिवस द्यावाच. अठराव्या शतकात पिएर प्वाव्र या फ्रेंच प्रशासकाने डच मक्तेदारी मोडून जायफळ आणि लवंगेची रोपं इथे आणवली, 1770 च्या सुमाराला. पोफळीच्या सावलीत जायफळ लावणाऱ्या माणसाला हा इतिहास घरचाच वाटेल. तालीपोत नावाचा ताड तिथे आहे, तो काही दशकं नुसता वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. ताटाएवढ्या नव्हे, परातीएवढ्या पानांची कमळं आहेत. बघताना हात शिवशिवतील, एखादं बी खिशात टाकावंसं वाटेल. टाकू नये. मॉरिशसमध्ये बी, रोपं, ताजी फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत आणि भारतात आणायलाही वनस्पती संगरोधाचे नियम आहेत. ज्या वाडीने एकदा सगळं गमावलंय तिने बाहेरचा रोग दारात आणण्याचा धोका पत्करू नये. त्याच कारणाने इथून शहाळी, कलमं, कच्ची सुपारी भेट म्हणून नेण्याचा मोह टाळावा. बंद पाकिटातलं मेतकूट, पोह्याचे पापड, कोकम सरबत न्यावं आणि सीमाशुल्काच्या अर्जात ते स्पष्ट लिहावं.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते.

1834 मध्ये गुलामगिरी संपवण्याचा ब्रिटिश कायदा लागू होत होता आणि मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना हात हवे होते. त्या वर्षी 2 नोव्हेंबरला अ‍ॅटलस हे जहाज कलकत्त्याहून छत्तीस करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या सुमारे आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या घरात भारतीय तिथे उतरले. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातले, काही तामिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेले मराठी. मराठी मजुरांत रत्नागिरीकडच्यांचा भरणा मोठा. श्रीवर्धन तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होतं. पण बागमांडल्याच्या धक्क्यावर उभं राहून सावित्रीच्या खाडीपलीकडे बघा, समोर वेसवी दिसते, बाणकोट दिसतं. तो रत्नागिरी जिल्हा. आज आपण फेरीबोटीत गाडी घालून थोड्या वेळात पलीकडे जातो. तिथलीच माणसं मुंबईला जाऊन, आठवडेच्या आठवडे शिडाच्या जहाजात काढून, परत येऊ की नाही हे ठाऊक नसताना गेली.

पोर्ट लुईच्या बंदरात ते उतरले ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. 2006 मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारसा यादीत घेतली. मोठं काही नाही. दगडी इमारतींचे काही अवशेष, स्वयंपाकाची जागा, दवाखान्याची जागा, आणि पाण्याच्या बाजूने वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. बेटावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला क्रमांक मिळायचा. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत: नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, आणि पुढच्या काळातल्या काहींचे फोटोही. नोंदीत आडनाव नसायचं. मग बापाचं नाव हेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. म्हणून तिथली मराठी आडनावं ऐकताना आपल्याला एखाद्या आजोबांना हाक मारल्यासारखं वाटतं. मॉरिशसमध्ये गणेशोत्सव पहिल्यांदा 1896 मध्ये हेन्रिएटा गावी भिवाजी कुटुंबाने केला असं सांगतात. आज गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. 2 नोव्हेंबरलाही असते, करारबद्ध मजुरांच्या आगमनाची.

त्यांच्या गणपतीत झाकरी नाचतात. आपली जाखडी ती. पायात चाळ, मध्ये ढोलकी, गोल फिरणारी माणसं. जी कला आपल्याकडे आता स्पर्धेपुरती आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसापुरती उरत चालली आहे, ती तिथे क्रिओल बोलणारी पोरं शिकतात. शाळांत मराठी विषय आहे, मराठी मंडळ्यांचं फेडरेशन आहे, मराठी स्पीकिंग युनियन आहे, रेडिओवर मराठी कार्यक्रम लागतात. 28 एप्रिल 2023 ला मोक्यात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. मराठी वस्ती पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात बरीच आहे, म्हणजे वारा टाळायला जिथे मुक्काम करायचा त्याच्याच आजूबाजूला.

ठरावीक सहलींच्या कार्यक्रमात सात रंगांची माती, कॅसेला पार्क, सर्फ बेटाची सफर आणि खरेदी हे सगळं असतं. केसरी, वीणा वर्ल्डसारख्या कंपन्यांनी मराठी घरांची परदेशाची भीती घालवली हे मान्यच करायला हवं, आणि ज्यांच्याबरोबर जाणतं माणूस नाही त्यांनी त्यांच्याबरोबर जरूर जावं. पण घाट, मोका आणि एखाद्या मराठी वस्तीतलं देऊळ एवढ्यासाठी दोन पूर्ण दिवस राखून ठेवायचे तर आखणी आपली आपणच केलेली बरी. घाटावर रविवार टाळून, सकाळी जावं. मराठी मंडळाला दोन महिने आधी पत्र टाकावं. पेशव्यांच्या मूळगावाहून, बाळाजी विश्वनाथांच्या श्रीवर्धनहून येतोय असं लिहिलंत तर वेगळी ओळख द्यावी लागणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर मॉरिशसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर विनाशुल्क मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात, आणि निघण्याआधी मॉरिशस सरकारचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा बघून घ्यावं. खरी रखडपट्टी पासपोर्टची. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, लग्नानंतर तिसरं, असं आपल्याकडच्या बहुतेक बायकांचं असतं. ते आधी जुळवा. मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचाच असतो, जुना असेल तर तारीख बघा. ज्येष्ठांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, लाजू नका. त्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले कायदे कडक आहेत. पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो बुडत नाही, पण परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं, आणि वाडीच्या उत्पन्नावर कर नसल्याने अनेक घरांत ते भरलेलंच नसतं. सनदी लेखापालाला आधी विचारा.

जाताना आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. येताना मात्र एक दिवस हातात ठेवा, कारण तोवर पाऊस लागलेला असेल आणि घाटात दरड, रस्त्यात पाणी हे होणारच. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून कधी थेट मॉरिशसची सोय झाली तर पनवेलच्या पुढची सगळी यातायात वाचेल.

तेव्हा ज्या घरात पुढच्या जूनचा विचार असेल त्यांनी फराळ संपायच्या आत पासपोर्टचे अर्ज भरावेत. सुपारीचा पैसा आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकिटं काढावीत, राहण्याची उरलेली रक्कम मे महिन्याच्या कमाईतून द्यावी, फवारणी उरकून निघावं. आणि काहीही कमी करायचं झालं तर खरेदी कमी करा, सर्फ बेट गाळा, एखादं जेवण घरी करा. आप्रवासी घाट आणि मोका मात्र गाळू नका.